सवतीच्या घरची पिशवी

मी एक पिशवी बोलतेय. दुकानात टांगलेली असते तसली नव्हे. माझ्यासारखी दुसरी शोधायला निघालात तर चपला झिजतील, पण सापडायची नाही. मला शिवलं एका जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीच्याही खाली. आणि ज्या जाड कापडातून मी आले, ते त्याच जहाजाच्या अगदी वरच्या मजल्यावर, आरामखुर्च्यांवर सावली धरून वर्षानुवर्षं ताणलेलं होतं. एका वादळात ते टरकलं. मग चिंध्या करायला म्हणून त्याची रवानगी झाली खाली, लॉन्ड्रीत.

ते जहाज प्रवासी जहाज होतं, हौसेने फिरायला जाणाऱ्यांचं. त्याच्या लॉन्ड्रीत एक म्हातारा शिंपी होता. वेटरांची बटणं लावणं आणि पडद्यांच्या कडा शिवणं, हे त्याचं काम. त्याने त्या फाटक्या कापडातला धडका तुकडा निवडला, दुहेरी टीप मारली, पडद्याच्या पट्ट्याचा बंद लावला आणि शेजारच्या यंत्रावरच्या माणसाच्या खांद्यावर मला अडकवली.

"घरी चाललायस ना? रिकाम्या खांद्याने जाऊ नकोस," तो म्हणाला.

तो माणूस माझा मालक. जहाजावरच्या चादरींना इस्त्री करणारं भलंमोठं यंत्र तो चालवायचा. ओली चादर एका बाजूने आत सारायची, तापलेल्या रुळांमधून ती सपाट होऊन दुसऱ्या बाजूला बाहेर यायची. पुन्हा दुसरी. पुन्हा तिसरी. जहाजावर माणसं हजारांनी झोपतात आणि चादरी काही संपत नाहीत.

मालक वर्षातून एकदा घरी यायचे. त्या खेपेला मीही त्यांच्या खांद्यावरून घरात शिरले. दारात मालकीण उभी होती, खाकी गणवेशात. ती बसमध्ये कंडक्टर. आवाज असा, की बसच्या मागच्या दारातून "पुढे सरका" म्हणाली तर पुढच्या चौकातली माणसंसुद्धा सरकतील. तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि माझ्याकडे दोनदा.

"ही कुठून आणलीत?"

"जहाजावर शिवून घेतली."

"म्हणजे सवतीच्या घरची," ती म्हणाली आणि मला दारामागच्या खिळ्याला अडकवलं. तेव्हापासून माझं नाव तेच पडलं.

तिला ते जहाज म्हणजे सवतच वाटायचं. लेक जन्मली तेव्हा मालक समुद्रावर. मालकिणीची आई गेली तेव्हाही समुद्रावरच. लेकीला काविळीने धरलं, घराचं छप्पर उडालं, सगळं तिने एकटीने निस्तरलं. "तिचं सगळं झालं की उरलेला नवरा माझ्या वाट्याला येतो," असं ती शेजारणीला हसत हसत सांगायची. पण मी खिळ्यावरून तिचा चेहरा बघायचे. चेहरा हसत नसायचा.

कधी कधी ती नवऱ्याला विचारायची, "कसं असतं हो ते जहाज?"

"काय असायचंय! लोखंडाचा डबा आहे. तरंगतो, एवढंच."

"मग त्या डब्यात एवढे लोक कशाला जातात?"

"हौस असते लोकांना," असं म्हणून मालक विषय बदलायचे.

लेकीचा प्रश्न मात्र वेगळा असायचा. जहाज कुठल्याशा बंदराला लागलं की मालक कामगारांच्या बोळातल्या फोनवरून घरी बोलायचे. मी त्यांच्या खांद्यावरच असायचे, म्हणून मला ऐकू यायचं. पलीकडून लेक विचारायची, "बाबा, आज समुद्र कसा आहे?" मालक सांगायचे. आज मोरपंखी आहे. आज शिशासारखा आहे. आज इतका शांत, की कुणीतरी हात फिरवून गेलंय. लेक ते सगळ्या गल्लीला सांगत सुटायची.

पुढे मालकांची पाठ वाकली आणि ते कायमचे घरी आले. मला धुतलं, वाळवलं आणि माझ्यात कपड्यांचे चिमटे भरले. लॉन्ड्रीत जन्मले म्हणून म्हातारपणी चिमटे! मी गॅलरीतल्या दोरीखाली लोंबत राहिले. ऊन लागून माझा रंग उडाला. मालक रोज चादर वाळत घालायचे, तिच्या कडा जुळवून उभे राहायचे आणि मग काहीतरी विसरल्यासारखे माझ्यातला चिमटा काढायचे.

आणि एक दिवस लेक आणि जावई आले ते बातमी घेऊनच. त्यांनी आईबाबांना समुद्रसफरीला पाठवायचं ठरवलं होतं. तीही दुसऱ्या कुठल्या नाही, त्याच जहाजावरून.

"मी नाही यायची," मालकीण म्हणाली. "उभा जन्म जिने माझा नवरा अडकवून ठेवला, तिच्या घरी पाहुणी म्हणून जाऊ?"

"आई, निदान एकदा तिचं तोंड तरी बघ," लेक म्हणाली. "नुसतं न बघताच भांडतेयस इतकी वर्षं."

हे मालकिणीला कुठेतरी लागलं. न बघता भांडणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "बघतेच."

मला वाटलं, मालक खूश होतील. पण त्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं. ताट पुढे आलं की दोन घास चिवडायचे आणि उठायचे. चहावर चहा तेवढा चालायचा.

निघायच्या आदल्या दिवशी लेकीने शिकवणी घेतली. मोठ्या बॅगा बंदरावरच्या दारातच घेतात, त्या खोलीत पोचायला दुपार उलटते. म्हणून औषधं, चष्मे, पासपोर्ट आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवायचे. चढायला घाई करायची नाही, ठरलेल्या वेळीच जायचं. हातातली पिशवी म्हणून तिने नवी आणली होती, पण मालकांनी गॅलरीत जाऊन माझ्यातले चिमटे बादलीत ओतले.

"ही चालेल," ते म्हणाले.

मालकिणीने माझ्याकडे पाहिलं. "न्या. माहेरी जाऊ दे तिलाही."

खरंच की! तिची सवत, पण माझं तर ते माहेर होतं.

सकाळी जावयाच्या गाडीतून निघालो. वाटेत एका वळणावर मालकांनी गाडी थांबवायला लावली, उतरले आणि रस्त्याच्या कडेला ओकले. पाण्याने चूळ भरून परत बसले. "गाडी लागली," म्हणाले.

आणि मग गोदामांची एक रांग संपली आणि ते दिसलं.

मी तिथे जन्मले, तिथे वाढले, पण खरं सांगते, मी ते असं कधी पाहिलंच नव्हतं. आम्ही लॉन्ड्रीवाले कंपनीच्या गाडीतून यायचो. मान खाली घालून, खांद्यावर सामान घेऊन, धक्क्यालगतच्या बुटक्या दारातून आत शिरायचो. डोंगराच्या पायथ्याशी बीळ असावं तसं ते दार. बिळातल्या उंदराला डोंगर कसा दिसणार? आज पहिल्यांदा मी त्याला समोरून, लांबून, पायापासून माथ्यापर्यंत पाहिलं. पांढरंशुभ्र. गच्च्यांवर गच्च्या, खिडक्यांवर खिडक्या. बघता बघता नजर वर जायची आणि वर जातच राहायची. बंदरावरचे दिव्यांचे खांब त्याच्यापुढे आगपेटीतल्या काड्यांसारखे दिसत होते. आणि एवढं अवजड धूड पाण्यावर असं उभं होतं, जणू त्याला वजन म्हणून नाहीच.

मालकीण गाडीतून उतरली आणि दरवाजा लावायचा विसरली. तिने फक्त एक सुस्कारा सोडला. मालक तिच्याकडे चोरून बघत होते.

दारापाशी हमालांनी मोठ्या बॅगा उचलल्या. मालकिणीने आपल्या बॅगेची मूठ सोडली नाही.

"पावती?"

"पावती नसते, मावशी. पट्टी बांधलीय ना, तिच्यावर खोलीचा नंबर आहे. बॅग तुमच्या दारात येईल."

"आणि नाही आली तर?"

"येते हो. रोज येतात."

मूठ नाइलाजाने सुटली. लेकीने आईला मिठी मारली, बाबांच्या शर्टाची कॉलर सरळ केली, आणि लेक-जावई परत गेले. आत लांबच लांब रांग होती. मला एका सरकत्या पट्ट्यावर ठेवलं आणि एका काळोख्या यंत्राने माझ्या पोटात डोकावून पाहिलं. पलीकडे मालकीण तोवर सवयीने रांगेचा ताबा घेऊन मोकळी झाली होती. "कागद हातात काढून ठेवा हो, तिथे जाऊन शोधू नका! आजोबांना बसू द्या तिकडे!" आणि गंमत म्हणजे लोक ऐकत होते.

पुढच्या खिडकीत एक मुलगी बसली होती. तिने पासपोर्ट पाहिले, दोघांचे फोटो घेतले आणि विचारलं, "गेल्या दोन-तीन दिवसांत ताप, जुलाब, उलटी असं काही?"

"नाही," मालक म्हणाले.

"उलटी झालीय," मालकीण म्हणाली. "आज सकाळी. यांना."

मालकांनी तिच्याकडे पाहिलं. ती नजर अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. मुलीचा हात थांबला. ती नम्रपणे म्हणाली, "तुम्ही दोघं जरा बाजूच्या खोलीत बसा. डॉक्टर बघतील. त्यांनी हो म्हटल्याशिवाय मला सोडता येणार नाही."

बाजूच्या खोलीला काचेची भिंत होती. काचेपलीकडून माणसं जात होती, हसत, फोटो काढत. मी मालकांच्या मांडीवर. माझा बंद त्यांनी बोटाला गुंडाळला होता.

"झालं तुझ्या मनासारखं," ते हळूच म्हणाले.

"अहो, मी खोटं बोलू? त्या रांगेत तान्ही मुलं आहेत. तुमच्या पोटात काही असलं आणि त्यांना लागलं तर?"

तिचं खरं होतं. पण तिला यायचंच नव्हतं, हेही खरं होतं. आता आयती सुटका झाली होती. मलासुद्धा क्षणभर शंका आली.

डॉक्टरीणबाई आल्या. ताप पाहिला, पोट दाबून पाहिलं. "एकाला पोटाचा संसर्ग असला तर चार दिवसांत निम्मं जहाज आजारी पडतं," त्यांनी समजावलं. "म्हणून विचारावं लागतं. काय खाल्लं होतं?"

"काही नाही," उत्तर मालकिणीने दिलं. "तीन दिवस नुसता चहा. ताटावर बसतात आणि उठतात."

"का हो?"

मालकांनी मान खाली घातली. "पोटात गोळा येतो."

"थांबू या थोडा वेळ. मग बघते," असं म्हणून डॉक्टरीणबाई दाराकडे वळल्या. त्यांच्या आवाजावरून काही कळेना. काचेतून जहाजाचा एक तुकडा दिसत होता. पांढरी भिंत आणि तिच्यातलं ते बुटकं दार. मालकांची नजर त्या दारावर खिळली होती. परगावाहून आलेला माणूस आपल्या घराला कुलूप बघून जसा उभा राहतो, तसे ते बसल्या जागी झाले होते.

मालकिणीने ते पाहिलं. ती उठली आणि डॉक्टरीणबाईंच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

"हे बघा बाई, मला यायचं नव्हतं. मनापासून नव्हतं. पण या माणसाने या जहाजावर अख्खी हयात काढलीय. आजार असेल तर आम्ही निमूट परत जाऊ. पण नुसत्या शंकेवरून त्यांना दारातून परतवू नका. मी हमी घेते."

डॉक्टरीणबाई हसल्या. "हमी तुमची नको, त्यांच्या पोटाची हवी. ही बिस्किटं द्या. राहिली आत तर जा."

मालकांनी ती कोरडी बिस्किटं खाल्ली. मालकीण समोर बसून त्यांच्या गळ्याकडे बघत होती. एक घोट पाणी. पुन्हा एक घोट. आम्ही तिघं वाट बघत बसलो. बिस्किटं आत राहिली.

"भूक होती हो, आणि धास्ती," डॉक्टरीणबाई जाताना म्हणाल्या. "दुसरं काही नाही. वर जाऊन नीट जेवा."

मालकीण घाईघाईने मला उचलून आपल्याच खांद्याला अडकवून निघाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी तिच्या खांद्यावर चढले.

धक्का आणि जहाज यांच्यामध्ये काचेचा बंदिस्त पूल होता. त्याच्या शेवटी दोन पावलांची एक फट होती आणि तिच्यावर लोखंडी पत्रा टाकलेला. फटीतून वारा येत होता आणि खूप खोल खाली हिरवं पाणी हलत होतं. मालकीण तिथे थबकली. मागे रांग तुंबली. पण आज तिला "पुढे सरका" म्हणणारं कुणी नव्हतं. तिने खाली पाहिलं, वर पाहिलं आणि पाऊल टाकलं. दारातल्या माणसाने दोघांची कार्डं यंत्राला लावली, टुण्ण आवाज झाला. "आपलं स्वागत आहे," तो म्हणाला. मालकिणीने मान डोलावली. प्रत्येकाचं तिकीट तपासलं जातंय, एवढं तरी तिला पटलं.

मग आम्ही आत गेलो, आणि तिघांचीही पावलं थांबली.

समोर दालन होतं. कितीतरी मजले उंच, वर काचेचा घुमट, घुमटातून खाली उतरणारं ऊन. दोन बाजूंनी गोल वळत गेलेले जिने, त्यांचे पितळी कठडे लखलखत होते. कुणीतरी पियानो वाजवत होतं. काचेची लिफ्ट पाण्यातल्या बुडबुड्यासारखी वर चालली होती. मजल्यामजल्यावरून माणसं वाकून खाली बघत होती. जमिनीवरच्या संगमरवरात ते सगळं पुन्हा उलटं दिसत होतं. मालकीण मान वर करून उभी राहिली, ती बराच वेळ. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं नवल उतरलं.

"हा तुमचा लोखंडाचा डबा?"

मालकांनी नजर खालच्या संगमरवरावर खिळवली.

"इतकी देखणी असेल असं वाटलं नव्हतं मला," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. त्या आवाजाने कधी बस थांबवली असेल, यावर कुणाचा विश्वास बसला नसता. "मी तिकडे छपराखाली बादल्या लावत होते, आणि तुम्ही इथे होतात."

"मी इथे नव्हतो. मी खाली होतो."

"खाली म्हणजे?"

"खाली," मालक एवढंच म्हणाले.

खोल्या तयार व्हायला वेळ होता. म्हणून सगळे प्रवासी वरच्या मोठ्या भोजनगृहात जमले होते. खिडकीशी टेबल मिळालं. समोर इतकं वाढून ठेवलेलं, की काय घ्यावं सुचू नये. मालकांनी तिच्यासमोर ताट आणून ठेवलं. तिने त्याला हात लावला नाही. तिने टेबलावरच्या पांढऱ्या कापडाची कड चिमटीत धरली आणि ती बाहेर बघत राहिली.

खालचं सगळं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण पिशवीला तोंड असलं तरी जीभ नसते.

दुपारी घंटा झाली. निघण्याआधी प्रत्येकाने आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं, संकटात काय करायचं ते शिकायचं, असा नियम असतो. कुणालाही त्यातून सूट नाही. आमची जागा एका रुंद मार्गिकेत होती. नारिंगी जॅकेट घातलेला एक गलेलठ्ठ माणूस पुढे उभा राहून दाखवत होता. हा पट्टा असा ओढायचा, ही शिट्टी, हा दिवा. बोलता बोलता त्याची नजर मालकांवर पडली आणि त्याचा पट्टा हातातच राहिला.

"दादा?"

मालकांनी डोळे बारीक केले. "बारक्या? अरे, किती फुगलास!"

बारक्या मालकांच्या शेजारच्या यंत्रावर होता. तेव्हा काडीपैलवान, म्हणून ते नाव. आता तो लॉन्ड्रीचा मुख्य झाला होता. जहाजावर असंच असतं. रोज चादरी धुणारा, भांडी घासणारा, भाजी चिरणाराच संकटात तुम्हाला होडीपर्यंत नेणार असतो. बारक्याने कवायत कशीबशी पुरी केली, लोक पांगले, आणि तो धावत आला.

"या वहिनी ना? वहिनी, तुमचा फोटो यांच्या बिछान्याशी चिकटवलेला असायचा. मी तुम्हाला ओळखतो."

"बिछाना कुठे होता यांचा?" मालकिणीने विचारलं.

"खाली."

"मला बघायचाय."

मालक म्हणाले, "अगं, प्रवाशांना परवानगी नसते." पण बारक्याने एका अधिकाऱ्याला फोन लावला, दादांचं नाव सांगितलं, दोनदा "हो साहेब" म्हणाला आणि भिंतीतलं एक साधंसं दार उघडलं.

दारापलीकडे गालिचा संपला. पायांखाली नुसतं लोखंड. लाकडी कठडे संपले, पियानो संपला. आम्ही एक जिना उतरलो, मग दुसरा, मग आणखी एक. हवा गरम होत गेली. पायांतून एक घरघर वर चढू लागली आणि साबणाचा वास आला. माझ्या टीपेटीपेतून शहारा गेला. माझ्या माहेरचा वास!

लॉन्ड्रीचं दार उघडलं आणि मालकीण दोन पावलं मागे सरली. धग अशी, जणू भट्टीचं तोंड. घरांएवढाली धुण्याची यंत्रं गरगर फिरत होती. मळक्या चादरींचे डोंगर छतापर्यंत. कारण आज फेरी बदलायचा दिवस, सकाळी उतरलेल्या सगळ्या माणसांची अंथरुणं एकदम खाली आलेली. घामाने निथळणारे लोक खुणांनी बोलत होते, आवाज ऐकू येत नव्हते. मालकिणीने आधाराला भिंतीवर तळवा टेकला. भिंत गार होती आणि थरथरत होती.

"हिच्या पलीकडे काय आहे?" तिने ओरडून विचारलं.

"पाणी!" बारक्या ओरडला.

तिने हात काढून घेतला नाही. तशीच उभी राहिली.

मग बारक्याने बिछाना दाखवला. शेजारच्या बोळात, कपाटात कपाट असावं तशी एक खोली. वर एक फळी, खाली एक फळी, मध्ये पडदा. मालकीण खालच्या फळीवर बसली, तर डोकं वरच्या फळीला लागलं.

"खिडकी कुठेय?"

"इथे खिडकी नसते, वहिनी."

ती नवऱ्याकडे वळली. "मग पोरीला समुद्राचा रंग कुठला सांगायचात?"

मालक कानकोंडे झाले. "वरून टेबलावरची कापडं धुवायला घेऊन एक वेटर यायचा. फोन करायच्या आधी त्याला विचारून ठेवायचो. बिचारा छान सांगायचा."

मालकिणीने मधला पडदा बाजूला सारला आणि कोऱ्या भिंतीकडे पाहिलं.

"मला का नाही कधी सांगितलंत?"

"काय सांगू? वरचं सांगितलं असतं तर तू रागावली असतीस. खालचं सांगितलं असतं तर रडली असतीस. डबा म्हटलं की दोन्ही टळायचं."

मालकीण उठली. पुन्हा डोकं आपटलं, पण तिने चोळलंही नाही. ती सरळ इस्त्रीच्या यंत्रापाशी जाऊन उभी राहिली. यंत्रावरची माणसं मालकांना ओळखणारी होती. त्यांनी हसून जागा करून दिली. मालकांनी बाह्या सारल्या. चादरीची दोन टोकं पकडली, एक झटका दिला, आणि तो ओला गोळा हवेत शिडासारखा उलगडला. चादर रुळांमध्ये शिरली. वाफ उठली. पलीकडून ती बाहेर आली, ती कोऱ्या कागदासारखी. मालकिणीने त्या गरम चादरीवर हात फिरवला. वरच्या दालनात मान वर करून ती जशी उभी होती, तशीच आता त्या यंत्रापुढे उभी होती. फरक एवढाच, की आता ती त्या यंत्राकडे नाही, नवऱ्याच्या हातांकडे बघत होती.

मालकांनी दुसरी चादर उचलली. मग तिसरी. पाठ वाकलेली होती, पण हात विसरले नव्हते. तेवढ्यात पायाखालची घरघर बदलली. खोल, जाड झाली.

"निघतोय आपण," बारक्या म्हणाला. "दादा, वर जा."

"तुम्ही दोघं जा. एवढ्या चादरी काढतो," मालक यंत्रावरची नजर न काढता म्हणाले.

बारक्याने त्यांच्या हातातली चादर काढून घेतली. "दादा, आज तुमची पाळी नाही."

मालक गोंधळून त्याच्याकडे बघत राहिले. मग मालकिणीने त्यांचं मनगट धरलं आणि जिना चढायला लागली.

वरच्या डेकवर गर्दी होती. वाद्यं वाजत होती, लोक धक्क्यावरच्या लोकांना हात हलवत होते. मालकिणीने वाट काढली आणि नवऱ्याला कठड्याशी उभं केलं. डोक्यावर भोंगा वाजला. आवाज कसला तो, छातीच्या फासळ्या हलल्या. धक्क्याला बांधलेले माणसाच्या मांडीएवढे जाड दोर सुटले, पाण्यात पडले, वर ओढले गेले.

मग काहीच झालं नाही, असं वाटलं. आणि मग मालकांनी कठडा घट्ट धरला.

"अगं, ती इमारत सरकली."

"इमारत नाही हो. आपण."

जहाज आणि धक्का यांच्यामध्ये पाण्याची एक रेघ उमटली. रेघेची पट्टी झाली. पट्टीची नदी झाली. हात हलवणारी माणसं बोटाएवढी झाली, गोदामं काडेपेट्यांएवढी. मागे शहराच्या सगळ्या काचा मावळतीच्या उन्हाने पेटल्या होत्या, आणि ते आख्खं शहर एकही आवाज न करता मागे चाललं होतं. आमच्याभोवती आता फक्त पाणी होतं आणि त्या पाण्याला शेवट नव्हता.

"असं निघतं होय!" मालक म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. "निघायच्या दिवशी चादरी इतक्या असायच्या, की मान वर काढायला फुरसत नसायची. इतक्या वेळा गेलो गं मी. पण जाताना कधी बघितलंच नाही."

मालकीण त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने आपला खांदा त्यांच्या खांद्याला टेकवला आणि दोघं मागे जाणाऱ्या किनाऱ्याकडे बघत राहिली. वाद्यं थांबली. लोक जेवायला आत गेले. वारा गार झाला. तरी दोघं हलली नाहीत. मीही त्यांच्यामध्ये दाबली गेले होते, पण मला जराही अडचण वाटली नाही.

सफरीचा आज मधला दिवस आहे. मी खोलीतल्या खुंटीवर आहे. माझ्या बंदाची एक टीप उसवलीय, तळ विरत चाललाय, फार दिवस काही मी टिकायची नाही. पण तक्रार नाही. माझ्याएवढं उंच आणि माझ्याएवढं खोल पाहिलेली पिशवी विरळा.

तुम्हाला एकच सांगते. कधी अशा जहाजावर चढलात, तर निघायच्या वेळेला डेकवर नक्की जा. तिथे कुणी म्हातारा कठडा धरून लहान मुलासारखा आ वासून किनाऱ्याकडे बघत असेल. फोटोसाठी त्याला बाजूला सरकवू नका. तो बरंच काही पहिल्यांदा बघत असेल. त्याला तिथे उभं राहू द्या, पार किनारा दिसेनासा होईपर्यंत.